झाकणावरचा अंगठा

रुग्णालयाच्या औषधभांडारात लेबलं छापायचं एक लहानसं यंत्र होतं आणि त्याच्या झाकणावर भांडारकाकांचा अंगठा होता. छपाईला दोन्ही लागत. टेपची कार्ट्रिज आत धरून ठेवणारी प्लॅस्टिकची खुंटी केव्हाच तुटली होती. त्यामुळे यंत्र सुरू झालं की कार्ट्रिज डुगडुगायची, टेप तिरकी व्हायची आणि औषधाचं नाव डोंगर चढायला लागायचं. निम्मं नाव टेपवर, निम्मं हवेत. औषधांच्या बाबतीत असली गंमत परवडत नाही. काकांनी एकदा सहज झाकणाचा मागचा कोपरा अंगठ्यानं दाबून धरला, अक्षरं शहाण्यासारखी एका ओळीत आली आणि काका तिथंच फसले.

नवं झाकण मागवा म्हणून ते साहेबांच्या मागे लागले, तर साहेब म्हणायचे, "चाललंय ना? मग झालं तर." चाललंय म्हणजे काका चालवत होते. चांगल्या पदवीधर माणसाला सगळे 'अंगठेबहाद्दर' म्हणू लागले. ज्याला काम येतं त्याच्याच गळ्यात ते पडतं आणि ज्याला येत नाही तो निवांत चहा पितो, हा जगाचा न्याय आहे. काकांची रजा दोनदा मंजूर झाली आणि दोन्ही वेळा लेबलांपायी रद्द झाली.

या खेपेला मात्र मुलीला मुलगी झाली होती. नातीला बघायला काका संध्याकाळच्या बसनं निघणार होते. पिशवी भरून कामावरच आणली होती. आणि नेमके दुपारी साहेब उगवले.

"उद्या तपासणी आहे. नव्या कपाटांच्या सगळ्या खणांना लेबलं हवीत. तेव्हा काका, तुमची रजा..."

"साहेब, नात महिन्याची झाली. अजून तोंड पाहिलं नाही मी तिचं."

साहेब विरघळले, पण अर्धेच. "बरं, मग कुणाला तरी झाकण धरायला शिकवा आणि जा."

काकांनी आधी हिशेबनिसांना बसवलं. "हलक्या हातानं हं. नुसतं टेकवल्यासारखं." हिशेबनिसांनी असं काही दाबलं, की यंत्र कण्हलं आणि टेप आतल्या आत चुरगळली. मग कॅशिअरबाई आल्या. त्यांनी दोन बोटांची टोकं इतकी जपून ठेवली, की कार्ट्रिज उसळून टेबलावर येऊन पडली.

"बाई, जरा जोर लावा की!"

"मोडलं म्हणजे? माझा हातगुण फार वाईट आहे हो," बाई म्हणाल्या आणि चहाकडे वळल्या.

फार्मासिस्ट म्हणाला, "अंगठा हवाच कशाला? बांधून टाकू." रुग्णालयात बँडेजला काय तोटा! त्यानं यंत्र मोडक्या हातासारखं गच्च गुंडाळलं. लेबलं सुरेख येऊ लागली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, काकांनी पिशवी उचलली आणि टेप संपली. कार्ट्रिज बदलायची तर झाकण उघडायला हवं, झाकण उघडायचं तर बँडेज सोडायला हवं, आणि गाठ अशी बसली होती की ती मारणाऱ्यालाच सापडेना. शेवटी कात्री आणली. बँडेज कापलं गेलं, आणि त्याच्यासोबत यंत्राची वायरही. मग कुणाला तरी आठवलं, की हे सेलवरही चालतं. रक्तदाब मोजायच्या यंत्राचे आणि भिंतीवरच्या घड्याळाचे सेल काढून त्यात घातले. आता बसला किती वेळ उरलाय ते बघायला काका वर मान करायचे, तर घड्याळ बंद.

हरून त्यांनी मुलीला फोन लावला. "बाळा, आज काही जमेलसं दिसत नाही."

"परत लेबलं का हो, बाबा?"

काकांचे डोळे भरून आले. साहेबांना ते पाहवेना, आणि न पाहवल्यामुळे ते चिडले. "सरका सगळे बाजूला! एवढ्या शिकलेल्या माणसांना एक झाकण दाबता येत नाही?" असं म्हणून त्यांनी कोपऱ्यावर अंगठा टेकवला.

लेबल बाहेर आलं. सरळ, देखणं. दुसरं आलं, तेही तसंच. तिसऱ्याला भांडारात कुणी श्वाससुद्धा घेईना.

"जमलं!" साहेब लहान मुलासारखे ओरडले.

"येरागबाळ्याचं काम नाही हे," फार्मासिस्ट म्हणाला.

"उपजतच असावं लागतं ते," कॅशिअरबाईंनी दुजोरा दिला.

साहेब फुलून गेले. "काका, निघा तुम्ही. चांगली पंधरा दिवस रजा घ्या. लेबलांचं मी बघतो."

काकांना इतकं हलकं वाटलं, की ते जवळजवळ पळतच बाहेर आले. हिशेबनिसांनी स्कूटर काढून ठेवली होती. "बसा, सोडतो स्टँडवर."

वाटेत काकांनी विचारलं, "एवढं सोपं काम, तुम्हाला कसं हो जमलं नाही?"

हिशेबनीस हसले. "काका, न जमण्यालाच खरं कसब लागतं. एकदा जमलं, की आयुष्यभर जमत राहतं. साहेबांना बिचाऱ्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं."

काकांना सणसणीत राग आला. पण तेवढ्यात समोर बस उभी दिसली, आणि राग काही त्यांच्यासोबत बसमध्ये चढला नाही.

सकाळी मुलीच्या दारातच त्यांना नातीचं रडणं ऐकू आलं. जावईबापू तिला घेऊन येरझाऱ्या घालत होते. "कुणाकडेच राहत नाही हो," मुलगी म्हणाली. काकांनी हातपाय धुतले, पोरीला खांद्यावर घेतलं, पाठीवर हात ठेवला. तिला दोन उचक्या लागल्या आणि ती गप्प झाली. बघता बघता झोपलीसुद्धा.

"बाबा, तुमच्याकडेच राहते बघा!" मुलगी हरखून म्हणाली.

"मी घेतली की रडतेच," जावईबापू म्हणाले. "मला ते जमतच नाही." आणि लगेच पलंगावर आडवे झाले.

काकांना आता आठवलं, की जावईबापूंनी पोरीला धरलं होतं ते अगदी बोटांच्या टोकांनी, कॅशिअरबाईंसारखं. ते सगळं समजून चुकले. मानेपाशी नातीचा ऊन श्वास लागत होता.

"नाहीच जमायचं तुम्हाला," ते हळूच म्हणाले. "राहू दे माझ्याकडेच." आणि खांदा तसूभरही हलू न देता त्यांनी पायानंच खुर्ची ओढून घेतली.