कायतान मास्तरांचं दृढीकरण

दृढीकरणाला, बाप्तिस्मा झालेली मुलं मोठी होऊन बिशपांसमोर आपली श्रद्धा पक्की करतात त्या विधीला, सहा आठवडे उरले असताना कायतान मास्तरांनी पालकांच्या सभेत नवा नियम सांगितला. प्रत्येक मुलाच्या स्पॉन्सरने, म्हणजे त्या दिवशी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभं राहणाऱ्या माणसाने, स्वतःच्या दृढीकरणाचा दाखला आणायचा. मूळ प्रत. झेरॉक्स चालणार नाही आणि मोबाइलवरचा फोटो तर नाहीच नाही.

फादर नेव्हिल बाळकुमच्या चर्चमध्ये नुकतेच आले होते, वय तिशीच्या आसपास. त्यांना हे जरा कडक वाटलं. पण मास्तर चौतीस वर्षं मुलांना दृढीकरणासाठी तयार करत होते. त्यांना कोण काय बोलणार? मास्तर तसे शाळेतले नव्हेतच. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते टर्नर होते. सोमवार ते शनिवार लेथवर केसभर फरक खपवून न घेणारा माणूस रविवारी पवित्र आत्म्याची सात वरदानं शिकवायला बसला, की तिथेही केसभर फरक खपत नसे. फेलिक्स परेरा नावाच्या एका बापाने मुलाच्या स्पॉन्सरचा दाखला लॅमिनेट करून आणला. मास्तरांनी तो उजेडाकडे धरला, ही झेरॉक्स आहे म्हणाले, आणि मूळ प्रतीसाठी फेलिक्सला परत स्पॉन्सरकडे, डोंबिवलीला पाठवलं. ऑक्टोबरच्या उन्हात फेलिक्स दोनदा जाऊन आला.

मुलं मात्र मास्तरांवर खूश असत. त्याला कारण होती एक गोष्ट. दर वर्षी, साधारण तिसऱ्या रविवारी, मास्तर ती सांगत. पूर्वी दृढीकरणाच्या वेळी बिशप मुलाच्या गालावर हलकी चापट मारत, श्रद्धेसाठी सोसायची तयारी ठेव, याची खूण म्हणून. पुढे ती प्रथा बंद झाली. पण मास्तरांनी ती चापट खाल्ली होती. एकोणीसशे अडुसष्ट साली, नऊ वर्षांचे असताना. चर्चच्या मागे तेव्हा भातशेती होती, शेतीपलीकडे मिठागरं आणि मग खाडी. बिशप होडीतून उतरून आले होते. चापट जोरात नव्हती, मास्तर सांगत, पण गालाला काहीतरी थंडगार लागलं. बिशपांची अंगठी. तो गारवा अजून कधीकधी जाणवतो. एवढं बोलून मास्तर डावा गाल चोळत, आणि खिडकीबाहेर सत्तावीस मजली टॉवर असूनही मुलांना तिथे होडी दिसत असे.

यंदाच्या वर्गात मास्तरांची नात एलिसा होती, चौदा वर्षांची. तिने स्पॉन्सर म्हणून आजोबांना मागितलं. मुलीला बाईच स्पॉन्सर हवी असं नियमात कुठे नाही, हे मास्तरांनीच तिला शिकवलेलं. ते इतके हरखले, की त्याच संध्याकाळी स्वतःचा दाखला काढायला चर्चच्या ऑफिसात गेले. आपणच केलेला नियम आपणच पहिल्यांदा पाळावा, असा त्यांचा विचार होता.

ऑफिसातल्या सोनलने अडुसष्ट सालचं रजिस्टर काढलं. पानं पिवळी पडली होती, पण अक्षर सुरेख होतं. तिला रेजिना मिसक्विटा सापडली, म्हणजे मास्तरांची तीन वर्षांनी मोठी बहीण. कायतान मिसक्विटा सापडेना. इंग्रजीत नाव सी-ने असेल की के-ने, म्हणून दोन्ही बघून झालं. सदुसष्ट आणि एकोणसत्तर बघून झालं. मास्तर म्हणाले, पान वाळवीने खाल्लं असेल. सोनलने पानांचे आकडे मोजून दाखवले. एकही पान गेलेलं नव्हतं.

सोनलच्या मनात काही वाईट नव्हतं. तिने नेहमीप्रमाणे पालकांच्या ग्रुपवर, कोणाचे दाखले यायचे राहिलेत, त्याची यादी टाकली. यादीत एकच नाव होतं. दोन मिनिटांत फेलिक्स परेराचा मेसेज आला. सरांनी सावकाश आणावा, घाई नाही, उन्हात त्रास करून घेऊ नये, असं त्याने लिहिलं होतं. शेवटी हात जोडलेले.

त्या रात्री मास्तर जेवले नाहीत. दाखला गेला तर गेला. पण त्यांनी चौतीस वर्षं मुलांना सांगितलेलं होतं, की बाप्तिस्म्याच्या वेळी मूल कडेवर असतं आणि त्याच्या वतीने आईबाप बोलतात. दृढीकरणाला ते स्वतःच्या पायांवर उभं राहून स्वतः हो म्हणतं. मग आपण हो म्हटलं होतं ना? कोणीतरी लिहायला विसरलं असेल. साक्षीदार हवा होता, आणि साक्षीदार एकच उरला होता.

दुसऱ्या दिवशी मास्तर माणकोलीच्या नव्या पुलावरून रिक्षाने डोंबिवलीला गेले. रेजिनाबाय तिथे लेकीकडे राहायची. सत्तरी ओलांडली होती, पण कान आणि जीभ शाबूत. मास्तरांनी सगळं सांगितलं आणि एक कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, की मी माझ्या भावाचं दृढीकरण डोळ्यांनी पाहिलं आहे. फक्त सही हवी होती.

रेजिनाबायने कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"मी खोट्यावर सही नाय करणार, कायतान."

"खोटं काय त्यात?"

"तू व्हतास कुठं रांगेत? चिंबोऱ्या धरायला गेलेलास, मिठागरात."

मास्तर हसले. मग हसायचे थांबले, कारण बाय हसत नव्हती. ती सांगत गेली. बिशप चापट मारतात हे कळल्यापासून तो आठ दिवस घाबरलेला होता. कोणीतरी त्याला सांगितलेलं, मागच्या खेपेला एकाचा दात पडला. म्हणून रांग आत शिरत असताना हा मागच्या मागे पसार झाला. नावाची चिठ्ठी बिशपांच्या हातात द्यायची होती, ती चड्डीच्या खिशात भिजून लगदा झाली. परत आला तेव्हा जेवणं सुरू व्हायची होती. त्याने बायला गळ घातली, की कोणाला सांगू नकोस. वर्षभर रविवारी माझ्या वाटणीचे फुगे तू खा. फुगे म्हणजे त्यांच्याकडे रविवारी, सणाला तळतात ते गोल, फुगलेले पाव.

"खाल्ले मी," बाय म्हणाली. "मग बोलणार कशी? आईला वाटलं, तू नवा शर्ट घालून चर्चमधली मिस्सा झाल्यावर खाडीत उतरलास. फुग्याचं पीठ मळत व्हती. तशाच ओल्या हाताने ठेवून दिली तुला एक."

"कुठे?"

"गालावर. आणखी कुठे?"

मास्तरांचा हात आपोआप डाव्या गालाकडे गेला. त्या दिवशी भीतीपोटी आईला सांगितलेलं खोटं पुढे मित्रांना सांगितलं गेलं, मग लग्नाच्या वेळी फादरना, मग वर्गातल्या मुलांना. सांगता सांगता ते कधी खरं झालं, हे त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. पण आता बाय बोलत असताना चिखलाचा वास आठवला. चिंबोरीने अंगठा धरला होता, तेही आठवलं. आणि आईचा चेहरा आठवला, जो कित्येक वर्षांत इतका स्पष्ट दिसला नव्हता. आठवणीतले बिशप गेले याचं दुःख करावं की आई परत आली म्हणून बरं वाटावं, ते त्यांना कळेना.

परत आल्यावर ते थेट फादर नेव्हिलकडे गेले आणि वर्ग सोडतो म्हणाले. फादरनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये त्यांना दोनदा खोकला आला, तो खोकला नव्हता हे मास्तरांनी ओळखलं. फादर म्हणाले, यात सोडण्यासारखं काही नाही. बिशप येणारच आहेत. मुलांबरोबर तुम्हीही घ्या.

"तयारी लागते, फादर. एका वर्षाची."

"तुमची चौतीस झाली."

मग अडचणी एकेक करून वर आल्या. तयारी झाल्याची परीक्षा द्यावी लागे, आणि पेपर मास्तरच काढत. स्वतःचा पेपर स्वतः सोडवणं त्यांना पटेना. शेवटी मुलांनी पेपर काढायचा असं ठरलं. मुलांनी पंधरा दिवस जीव तोडून अभ्यास केला. मास्तरांना अडवायचं तर पुस्तक नीट वाचणं भाग होतं. इतका अभ्यास मास्तरांनी चौतीस वर्षांत कोणत्याच वर्गाकडून करून घेतला नव्हता. परीक्षेला सात वरदानं विचारली, तेव्हा मास्तर सहांवर अडकले. सुज्ञता, समज, सल्ला, ज्ञान, भक्ती, देवाचं भय. सातवं काही केल्या आठवेना. फेलिक्सचा मुलगा ओठ हलवून "धैर्य, धैर्य" सांगत होता. मास्तरांना ते दिसलं. पण आयुष्यभर दुसऱ्यांना कॉपी करू दिली नाही, म्हणून त्यांनी मान फिरवली आणि एक मार्क घालवला.

स्पॉन्सर म्हणून रेजिनाबाय यायला तयार झाली, तिचा दाखला तर रजिस्टरातच होता. पण खरा पेच पडला एलिसाचा. ज्याचं दृढीकरण झालेलं नाही, त्याला स्पॉन्सर होता येत नाही. तिच्या आईने मावशीला विचारू म्हटलं. एलिसाने ऐकलं नाही. ती एक रात्र विचार करत बसली आणि सकाळी आजोबांना म्हणाली,

"तुम्ही रांगेत पहिले उभे राहा. मी शेवटची. माझा नंबर येईपर्यंत तुमचं झालेलं असेल ना?"

मास्तरांनी नियमांचं पुस्तक दोनदा वाचलं. तिच्या बोलण्यात केसभरही चूक नव्हती.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी चर्च भरून गेलं. मुलं पांढऱ्या कपड्यांत आणि लाल फितीत ओळीने उभी होती, आणि सगळ्यांच्या पुढे, तशीच फीत लावून, सदुसष्ट वर्षांचे मास्तर. मागे रेजिनाबाय काठी टेकत. तिचा दुसरा हात त्यांच्या खांद्यावर होता, आणि तो जरा घट्टच होता. पुन्हा पळून जाईल अशी भीती तिला वाटत असावी.

बिशपांनी मास्तरांच्या कपाळावर सुगंधी तेलाने क्रूस काढला. मास्तर "आमेन" म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला, की बिशपांनी वाकून ऐकलं. मास्तरांना पुन्हा म्हणावं लागलं, आणि या वेळी तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

मग ते बाजूच्या दाराने ऑफिसात गेले. सोनल पेन उघडून बसलेलीच होती. तिने नाव लिहिलं, तारीख घातली, शिक्का मारला. शाई वाळावी म्हणून मास्तर कागदावर फुंकर घालत बाहेरच्या बाहेर, चर्चला वळसा घालून, रांगेच्या टोकाशी धावले. एलिसाच्या पुढे तेव्हा दोनच मुलं उरली होती. चर्चमधले निम्मे लोक मागे वळून बघत होते. बिशपांनी समोर तोच माणूस पुन्हा पाहिला, कपाळावर तेल तसंच ओलं, आणि ते क्षणभर थांबले.

"आपलं झालं ना?"

"आता मी तिच्या मागे आहे," मास्तर म्हणाले.

एलिसाच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. इतकी वर्षं मुलांना शिकवताना हा हात कसा ठेवायचा हे ते दाखवत आले होते, सरळ, बोटं जुळलेली. प्रत्यक्षात, धावत आल्यामुळे, तो खांद्यावरून घसरायला लागला. तिने मागे न बघता खांदा जरासा वर उचलला आणि हात सावरून घेतला.

मिस्सेनंतर अंगणात ग्रुप फोटो निघाला. खुर्च्यांवर बिशप, फादर आणि शिक्षक. मास्तर त्यांच्या नेहमीच्या खुर्चीकडे निघाले, तर मुलांनी त्यांना ओढून पुढे खाली बसवलं, आपल्यात. फोटो झाला, मुलं केककडे पळाली, आणि मास्तर जमिनीवरच राहिले. गुडघे धरले होते. दोनदा प्रयत्न करूनही उठता येईना. ते पाहून बिशप खुर्चीवरून उठले, पुढे आले आणि त्यांनी दोन्ही हात दिले. त्याच क्षणी फोटोग्राफरने बटण दाबलं.

तो फोटो फादर नेव्हिलनी मोठा करून वर्गाच्या भिंतीवर लावला आहे. मास्तर गुडघ्यावर, तोंड वर, डोळे भरलेले, बिशप वाकून त्यांना उठवतायत, मागून ऊन. जूनमध्ये नवा वर्ग सुरू झाला, तेव्हा मुलांनी पहिल्याच दिवशी विचारलं, की सर, या क्षणी काय झालेलं?

"मला उठता येत नव्हतं," मास्तर म्हणाले. "सांधे धरलेले."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आदराने माना हलवल्या. सर स्वतःविषयी बोलत नाहीत, फार साधे आहेत, असं ती आता घरी सांगतात.