आठशे मीटरचा कच्चा रस्ता

साजिद मिस्त्रींनी ठरवलं, की गझालाला अकॅडमीत घालायचं नाही. पोलीस भरतीतल्या आठशे मीटरची तयारी आपणच घरी करून घ्यायची. पुसदमधली बंद पडलेली कुठलीही मोटारसायकल त्यांच्या गॅरेजमधून धावतच बाहेर पडायची (निदान चौकापर्यंत तरी), मग स्वतःच्या धडधाकट पोरीला धावतं करायला परका माणूस कशाला?

आधी टेस्टिंग, मग काम, हा गॅरेजचा नियम. त्या दिवशी फुलसावंगीच्या भगवानरावांची मोटारसायकल सर्व्हिसिंगला आली होती. मिस्त्रींनी ती गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर नेली, मीटरचा शंभर-शंभर मीटरला बदलणारा शेवटचा आकडा आठ वेळा बदलेपर्यंत चालवली आणि दोन्ही टोकांना चुन्याची रेघ ओढली. गझाला धावली. मिस्त्रींनी मोबाइलमधलं घड्याळ पाहिलं, मग मोबाइल कानाशी नेऊन हलवला. एवढ्या वेळात चोर घरी जाऊन जेवून झोपला असता.

"लहानपणी पळालेली बकरी कानाला धरून आणत होती हे पोरगी," कहकशां नवऱ्याला म्हणाली. "आता काय झालं हिले?"

"कार्बन जमला," मिस्त्री म्हणाले.

मग वेळापत्रक निघालं. सोमवारी पिकअप, मंगळवारी चढाव, बुधवारी इंजिन थंड. तळलेलं बंद. मामेबहिणीच्या लग्नात गझालाच्या ताटात बिर्याणीऐवजी मोड आलेली मटकी आली. (मिस्त्रींनी मात्र बिर्याणी दोनदा घेतली, त्यांची भरती नव्हती.) पोरगी सगळं मुकाट्यानं करत होती. वेळ सुधारायची, पण पास होण्याच्या जवळपासही यायची नाही. मिस्त्री दर आठवड्याला प्लॅन बदलत, आणि गझाला दर आठवड्याला थोडी आणखी गप्प होत जाई.

चाचणी तोंडावर आली तेव्हा ती गॅरेजमध्ये येऊन एका जुन्या टायरवर बसली.

"अब्बा, मी नाही जात यवतमाळले. मले जमूनच नाही राह्यलं. लोकांसमोर शेवटी येण्यापरीस शिलाई मशीन बरी."

मिस्त्रींच्या हातातला पाना हातातच राहिला. कळायला लागल्यापासून पोरीला खाकीच हवी होती. त्यांना फार वाईट वाटलं, आणि आवळलेलाच नट ते पुन्हा आवळायला लागले.

तेवढ्यात भगवानराव आले. "मिस्त्री, मागं तुमी मीटरची गरारी बदलली, तवापासून फुलसावंगी पुसदच्या जवळ आली."

"जवळ म्हंजे?"

"मीटरवर अंतर कमी दिसते. रस्ता तेवढाच, पेट्रोल तेवढंच. काहून?"

मूळची गरारी, म्हणजे मीटर फिरवणारं दातेरी चाक, मिळाली नव्हती, म्हणून मिस्त्रींनी त्या सर्व्हिसिंगला, रस्ता मोजण्याआधीच, दुसऱ्याच गाडीची घासून बसवली होती. "मीटर बरोबर हाय, भाऊ. माया हातचं काम..." म्हणता म्हणता ते थांबले. मीटर बरोबर असेल, तर पोरगी कच्ची. मीटर चुकलं असेल, तर मिस्त्री कच्चे. बाकावर आणखी दोन गिऱ्हाइकं कान टवकारून बसली होती. मिस्त्रींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि एकदा टायरवर बसलेल्या पोरीकडे.

"चूक माई हाय," ते म्हणाले. "मीटर कमी दाखवते. बेटा, तू आठशेच्या किती तरी पुढं धावून राह्यली."

गझाला टायरवरून उठली. तिनं कोपऱ्यातला मोजायचा टेप उचलला आणि रस्त्याला लागली. बाप मागून. मोजून झालं तेव्हा नव्या रेघेवरून जुनी रेघ नीट दिसतही नव्हती.

यवतमाळच्या मैदानावर गझाला सगळ्यांच्या पुढं आली आणि सवयीनं शेवटच्या रेघेपुढंही तशीच धावत राहिली. शेवटी एका महिला हवालदारानं तिला हात आडवा घालून थांबवलं.

"बस, झालं. पास आहेस तू. तयारी जोरात केली दिसते. कोच कोण?"

कुंपणापलीकडे साजिद मिस्त्रींनी कॉलर सरळ केली आणि मान थोडी उंच धरली. गझालानं दम घेतला. ती आता पोलिसांत जाणार होती, आणि खोटं बोलून सुरुवात करणं तिला पटलं नाही.

"भगवानकाकांची मोटारसायकल, मॅडम."