हे कोणी काढलं, वं?

रामटेके मॅडम समोसा खातानासुद्धा चटणीचा कर्ता विचारतात. स्टाफरूममध्ये कोणी डबा उघडला की पहिला प्रश्न, "कोणी केलं?" 'मीच' म्हटलं की दुसरा, "कृती कोणाची?" सासूबाईंची निघाली, तर घास तोंडात जायच्या आधी सासूबाईंना फोन लावायला लावतील.

त्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल. विद्यार्थ्यांसाठी वेबसाइटवर ज्या नोट्स चढतात, त्यात कोणी कोणाचं काय उचललंय ते तपासायचं कामही त्यांच्याकडेच. आमच्या वनस्पतिशास्त्रातले एक सर तर त्यांना पाहून जिना बदलतात.

मी कंत्राटी प्राध्यापिका. शनिवारी पाचच्या आत माझ्या नोट्स चढल्या नाहीत तर पुढच्या वर्षीची नेमणुकीची ऑर्डर विसरा, असं प्राचार्यांनी स्वच्छ सांगितलेलं. अन् शनिवारी सकाळी मॅडमचं बोट एका चित्रावर अडकलं. धोतऱ्याच्या फुलाचा उभा छेद. खाली मी लिहिलं होतं, 'विभागाचा संग्रह'.

"संग्रह चित्र काढते का वं? त्याले हात आहेत का?"

"जुना तक्ता आहे, मॅडम. कोणी काढला देव जाणे! मी चित्रच उडवते ना."

"काहून? चांगलं आहे. ज्यानं काढलं त्याले विचारू."

विचारू म्हणजे निघूच! तीन जुन्या शिपायांना फोन झाले. तक्ते काढायचे ते प्रयोगशाळेतले महादेवकाका, आता कन्हानला राहतात, असा शोध लागला. बारा वाजता मी मॅडमच्या स्कूटरवर मागे. डोकं भणभणून राहिलं होतं, मी दर दोन मिनिटांनी घड्याळ पाहत होते, अन् बाई काही तीसच्या वर गाडी नेईनात. मनातल्या मनात मी त्यांचा यथेच्छ उद्धार केला.

काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "हे तं माह्यं आहे! पण सही काहून पाहिजे, बाई? पाहू द्या ना पोट्ट्यायले."

"पाहतीनच, काका. तुमच्या नावासकट पाहू द्या."

परवानगीची सही झाली. परत निघालो, तर मॅडमनी पुलाजवळ उसाच्या रसासाठी गाडी थांबवली. माझा पारा चढला.

"माझ्या नोट्सच्या तिसऱ्या प्रकरणात आपल्या जुन्या विभागप्रमुखांच्या पुस्तकातली दोन पानं आहेत. तिथं नाही अडलात! मोठ्या माणसाला सूट असते का?"

"प्रकाशकाची परवानगी आहे तुह्याजवळ. नाव बी बरोबर आहे." मॅडम ग्लासाकडे पाहत राहिल्या. "माह्या नोट्स आहेत वं त्या. तुह्यासारखीच कंत्राटी होती मी तवा. सरांनी वही वाचायले नेली. पुढची ऑर्डर निघाली नाही माही, म्हणून लायब्ररीचं शिकली."

"मग त्यांचं नाव कशाला चालू दिलं?"

"पुस्तकावर जे नाव असते तेच लिहा लागते. लायब्ररीत आलं तवा रजिस्टरवर मीच चढवलं, त्याह्यच्या नावानं. वही वापस आलीच नाही. पुरावा कुठून आणू? सगळ्यायले मागते ना मी."

मला रडूच आलं. सकाळपासून या बाईला मी काय काय बोलले होते! ती दोन पानं आजच्या आज काढून टाकते, मी म्हटलं.

"नको वं," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "तेवढंच तं शिकवून राहिली मी अजून."

पाचला दहा कमी असताना नोट्स चढल्या. ती दोन पानं मी तशीच ठेवली.