सगुणाबाईंचं फूल आलं नाही

सकाळी सहाच्या ठोक्याला सगुणाबाईंचं गुलाबाचं फूल लेकाच्या मोबाइलवर येई. खाली 'शुभ सकाळ'. दोन वर्षांत कल्याणने ते एकदाही उघडलं नव्हतं. त्या दिवशी मात्र फूल आलं नाही, आणि जालन्याच्या ऑफिसात त्याचं कामात चित्त लागेना. फोन लावला, तर बंद.

त्याने गावी शेजारच्या कडूबाकाकांना गाठलं. "काका, आईला जरा हाक मारता का?"

पाच मिनिटांनी काका म्हणाले, "दार आतून बंद हाय. लई हाका मारल्या, ओ न्हाई. तू जल्दी ये बाबा."

कल्याणने मोटारसायकल काढली. इकडे काकांनी गावाच्या ग्रुपवर टाकलं, 'सगुणाबाई दार उघडून न्हाई राह्यल्या.' त्याखाली कोणीतरी हात जोडले. जोडलेले हात पाहून दुसऱ्याने 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. तिसऱ्याने लग्नाच्या फोटोतून सगुणाबाईंना कापून हारही घातला.

वाटूर फाट्यावर बहीण शालूचा फोन आला. "दादा, आपली आई..." पुढे नुसता हंबरडा. कल्याणने गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन ग्रुपवरचा तो हारवाला फोटो पाहिला. तिथंच त्याने कालचं फूल उघडलं. मग परवाचं.

घरापुढे सारं गाव जमलं होतं. बायकांच्या घोळक्यात एकजण तोंडावर पदर घेऊन सगळ्यांत मोठ्याने रडत होती. कल्याण जवळ येताच तिने पदर सारला.

"कल्याण, कोण गेलं रे आपल्या घरातलं?"

"आई!"

रात्री मोबाइल हातातून पडून बंद पडला होता. तो दुरुस्त करायला सगुणाबाई मागच्या दाराला कुलूप घालून पहिल्या गाडीने मंठ्याला गेल्या होत्या. परतल्या, तर दारात ही गर्दी! कोणाला विचारायची छाती होईना, म्हणून आधी रडून घेतलं.

कल्याणने आईला घट्ट धरलं. हसू येतंय की रडू, त्याला कळेना. कडूबाकाका पुटपुटले, "मागचं दार म्या पाह्यलंच न्हाई."

आलेल्यांसाठी चहाचं मोठं पातेलं चढलं. सगुणाबाईंनी लेकाला चुलीपाशी बोलावून हळूच विचारलं, "समदे आले, पण तुझे सख्खे चुलते, रायभानभाऊजी दिसून न्हाई राह्यले?"

"त्यांना काम होतं म्हणे, आई."

"असू दे," सगुणाबाई साखर टाकत म्हणाल्या, "जित्तेपणी कळलं, ते बरं झालं."