चहाच्या गोदामावरची बँक

आमच्याकडे कुणाचा दहावा असला, की नदीच्या घाटावर आधी प्रवचन होतं आणि मग गावातली चार मंडळी उठून श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलतात. हरीनाना ठोंबरे उठले, की त्यातले दोन शब्द मयताचे आणि बाकीचे सगळे बँकेचे.

"धोंडूशेठ लय भला माणूस," नाना माइक हातात घेऊन सुरुवात करत. "भल्या माणसाबिगर संस्था उभी ऱ्हात नाय. आता आमचंच बघा. आमची स्थापना झाली ती चहाच्या गोदामावर. माळ्यावर एक टेबल, एक लोखंडी पेटी, आन् खाली चहाचा वास..."

इथे पुढे बसलेले सगळे मांडी बदलून नीट बसत. पिंडाला कावळा शिवेपर्यंत वेळ काढायचाच असतो. कावळाही बहुधा नानांच्या इतिहासातली लढाई उरकल्याशिवाय खाली उतरत नसे.

ही बँक म्हणजे निम्म्या जगात शाखा असलेली परदेशी बँक. नाना तिच्या मुंबईच्या शाखेत कारकून म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. नोकरी केली म्हणून कुणी बँकेचा इतिहास पाठ करत नाही, पण नानांनी केला. दर साहेबाच्या निरोप समारंभात तोच इतिहास सांगितला जायचा. बाकीचे वेफर्स खायचे आणि नाना ऐकायचे.

शिवाय त्यांच्या इतिहासात 'बँक' हा शब्द फार कमी यायचा. सगळं 'आमी'. "आगीत आमचं हेड ऑफिस जळलं." "लढाईच्या टायमाला आमी सगळं सोनं जहाजातनं हलवलं." या गोष्टी घडल्या तेव्हा नानांचे वडीलही जन्मले नसावेत. माझ्या लग्नानंतर आमच्या हिने हे पहिल्यांदा ऐकलं आणि घरी आल्यावर हळूच विचारलं, "नानांचं घर कधी जळलं हो?"

बोलण्यातही बँकच. गावात कुणाचं लग्न ठरलं की "विलीनीकरण झालं." भाऊ वेगळे निघाले की "नवी शाखा उघडली." म्हैस आटली तर "व्यवहार बंद." मध्यंतरी त्यांची बँक दुसऱ्या मोठ्या बँकेने विकत घेतली आणि दारावरची पाटी बदलली. मी जवळच्या बाजारगावी, कशेळ्यात, झेरॉक्सचं दुकान चालवतो. तिथे पेपर वाचत असलेल्या नानांना मी ती बातमी दाखवली. नानांनी ती दोनदा वाचली आणि पेपरची घडी घालून म्हणाले, "पेपरवाल्याला काय कळतंय? आमीच त्येंच्यात गेलो." घरजावई होणाऱ्या माणसाची बाजू मांडावी तसे.

हा इतिहास घरी सगळ्यांत जास्त ऐकला तो त्यांच्या बायकोने, सुंदरावहिनींनी. ऐकला म्हणजे त्यावर स्वयंपाक केला. नाना पडवीत कुणाला धरून बसले, की आतून आवाज यायचा, "आग लागली काय हो? मंग डाळ उतरवते." पाहुणा गोंधळायचा. कधी म्हणायच्या, "तुमी लढाईपोत या, तवर भात होतोय." आणि खरोखरच सोनं जहाजात चढलं की ताटं यायची.

गेल्या दिवाळीनंतर सुंदरावहिनी गेल्या. फार दिवस आजारी नव्हत्या.

दहाव्याला घाट भरला होता. प्रवचन झालं, दोघे-तिघे बोलले आणि नाना उठले. त्यांनी माइक घेतला आणि सवयीने म्हणाले, "आता आमचंच बघा." आणि थांबले. मागून कुणीतरी, चांगल्या मनानेच, म्हणालं, "नाना, गोदामापासनं घ्या."

नानांनी नकारार्थी मान हलवली.

"त्ये सगळं येतंय मला," ते म्हणाले. "कोणी काढली, कवा जळली, सगळं. हिचं काय सांगू? शनवारी संध्याकाळी मुंबैसनं यायचो, सोमवारी पाटं निघायचो. मी हितं नव्हतोच रं."

माइक चालू होता, त्यामुळे हे पलीकडच्या काठापर्यंत गेलं. मला फार वाईट वाटलं. कुणी उठून माइक घ्यावा असं वाटत होतं, पण मीही उठलो नाही.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने बायजाकाकी बोलल्या. त्या नानांच्या शेजारच्या. सुंदरावहिनींबरोबर जन्मभर एका बांधावर राबलेल्या. "नाना, खाली बसा. मी सांगते," असं म्हणून त्यांनी माइक न घेताच सुरुवात केली.

"साजगावची पोर. नवी आली तवा बैल तिला जुमानीत नव्हते. मंग तिनं नानांचा जुना शर्ट अंगात घातला आन् औताला गेली. वासाला बैल फसले. दोन पावसाळे तसंच चालवलं तिनं."

"माझा शर्ट?" नाना म्हणाले.

"तुमचाच. आन् पोरगा तापानं फणफणला, गाडी नाय काय नाय, पाठीशी बांधून चालत कशेळ्याला डाक्टरकडं नेला."

"कवा?"

"तुमी लढाईत होता तवा," काकी म्हणाल्या.

घाटावर हसू फुटलं. नानाही हसले आणि मग पंचा तोंडाला लावून बसून राहिले. काकी साजगावच्या जत्रेपर्यंत आल्या होत्या, सुके बोंबील आणि हिरव्या बांगड्यांपर्यंत, तेव्हा कावळा उतरला. काकी थांबल्या नाहीत.

त्यानंतर नाना रोज संध्याकाळी काकींच्या ओट्यावर दिसू लागले. एकदा एसटीने साजगावलाही जाऊन आले. काय आणलं विचारलं तर म्हणाले, "माहिती."

मागच्या महिन्यात आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्याचा दहावा होता. नाना उठले. मयताविषयी दोन शब्द बोलले.

"आता आमचंच बघा," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी मांडी बदलली. "आमची स्थापना साजगावची. कौलाचं घर, दारात शेवगा. पाच भैणींत आमी तिसऱ्या. विलीनीकरण झालं तवा आमाला बैलाची लय भीती. मंग आमी काय केलं, एक शर्ट घेतला..."

शर्ट झाला, कशेळं झालं, जत्रा आली. मग नाना अडले. त्यांनी माइक खाली केला आणि बायकांच्या बाजूला पाहिलं.

"काकी," ते म्हणाले, "त्येच्या फुडं काय?"