काकडांवाचूनची शेवळं

उत्तराला बघायला मालाडहून माणसं जेवायला येणार, म्हणून भाऊ टिपणीस सकाळीच दिंडोशीच्या टेकडीवर गेले आणि पिशवीभर शेवळं उपटून घेऊन आले. वळीव पडून गेला की ही रानभाजी जमिनीतून डोकं काढते आणि काकडांची आंबट फळं न घालता रांधली, तर खाणाऱ्याचा घसा धरते.

"काकडं कुठायत?" सुहासिनीबाईंनी पिशवी झटकून विचारलं.

"ती बाजारच्या शिळ्या मालाला लागतात! तू कोलंबी सोल."

खरं तर काकडाचं झाड भाऊंना ओळखू येत नव्हतं. पण कचेरीत रानभाज्यांवर वर्षानुवर्षं व्याख्यानं झोडलेल्या माणसानं हे बायकोपाशी कसं कबूल करायचं?

"आणि उत्तरा, आज तोंड बंद. आधीची दोन स्थळं तुझ्या फटकळपणानं गेली. हे गेलं तर मी तरी कुठे तोंड दाखवू?" भाऊंनी लेकीला बजावलं.

"बरं," उत्तरा म्हणाली.

मृणालिनीबाई आणि त्यांचा मुलगा चंद्रप्रकाश आले. भाऊंनी दारातच शेवळांची कीर्ती गायली. तेवढ्यात सुहासिनीबाईंनी त्यांना आत ओढलं.

"खाजतंय हो! वाढू नका."

"आता? सांगून बसलोय मी!"

भाऊ बाहेर आले ते नवीच युक्ती घेऊन. "आमच्याकडे मानतात हं, ज्याच्या मनात खोट, त्याचाच घसा शेवळानं खाजतो."

असं कोणाकडेच मानत नव्हते, पण ते लागू पडलं. मृणालिनीबाई डोळ्यांत पाणी आणून "वा!" म्हणाल्या. चंद्रप्रकाशनं "झकास!" म्हणत तांब्या रिकामा केला.

"अजून घ्या ना," भाऊ म्हणाले.

"आधी तुम्ही घ्या!" मृणालिनीबाईंनी स्वतः डाव उचलून त्यांच्या पानात शेवळांचा ढीग घातला. भाऊंना तो संपवावा लागला.

उत्तरानं बराच वेळ दम धरला. मग ताट सरकवून म्हणाली, "माझ्या मनात काही खोट नाही. भाजीत काकडं नाहीत. मला खाजतंय!"



"मलापण!" चंद्रप्रकाश ओरडला. "वाट लागलीय यार घशाची!"

सुहासिनीबाईंनी आमसुलं आणून प्रत्येकाच्या हातावर ठेवली. ती चोखत मृणालिनीबाई उत्तराकडे वळल्या.

"मुलगी पसंत आहे," त्या म्हणाल्या. "खरं बोलते. चंदूलाही आवडलेली दिसते. फक्त व्याह्यांबद्दल जरा विचार करावा लागेल."

भाऊंना यावर पुष्कळ बोलायचं होतं. पण घशातून शब्दच फुटेना.