बिनसर्दीचं नाक

थंडी पडली आणि चहापरीक्षकाने ठरवलं, यंदा घरात शिंक शिरू द्यायची नाही.

कारणही तसंच होतं. चहाच्या कंपनीत अठरा वर्षं तो कपात नाक घालून बसला होता (पगार सगळा नाकाचा, बाकीचा देह नुसता नाकाला ऑफिसात पोचवायला). सोमवारी मुख्य परीक्षकाच्या जागेसाठी परीक्षा होती. पाच कप, वास आणि चव घेऊन ओळखायचे. ऐन वेळी सर्दी झाली की संपलंच!

आठवडाभर त्याने घरच्यांना सळो की पळो करून सोडलं. मुलीने शाळेतून आल्यावर आधी कोपरापर्यंत हात धुवायचे, मगच 'बाबा' म्हणायचं. हवा खेळती हवी म्हणून खिडक्या सताड उघड्या, आणि सगळे स्वेटर घालून कुडकुडत जेवतायत. सासूबाई जरा खोकल्या, तर त्यांचं ताट थेट दाराशी गेलं.

"जावईबापू, घास अडकला होता हो!"

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात."

परीक्षेआधी अंगाला वासाचं काही लावायचं नाही, हा त्याच्या धंद्यातला पहिला नियम. म्हणून बायकोची पावडर, सासूबाईंचं केसांचं तेल, मुलीचा साबण, सगळं कपाटात बंद. आणि हा पठ्ठ्या मात्र रुमालाला, मफलरला आणि मिशीला निलगिरीचं तेल चोपडून मोकळा!

"आणि हा वास नाही वाटतं?" बायकोने विचारलं.

"हे औषध आहे," तो म्हणाला.

सोमवारी तो ठणठणीत होता. त्याच परीक्षेला बसलेला शेजारच्या टेबलावरचा सहकारी मात्र शिंकून शिंकून बेजार, डोळे लाल, नाक टोमॅटोसारखं. चहापरीक्षकाला मनातून गुदगुल्या झाल्या. चांगला चार हात लांब उभा राहून त्याने पहिला चमचा सुर्रकन ओढला. थबकला. दुसरा कप, तिसरा, पाचवा. मग त्याने चमचा आपटला.

"साहेब, पाचही नमुने बाद! गोदामात कुणीतरी चहाची पोती औषधांना लावून ठेवलीयत!"

साहेबांनी पाचही कप हुंगले. मग वाकून त्याला हुंगलं.

"गोदाम तुमच्या नाकाखाली आहे," ते म्हणाले. "घरी जा आणि मिशी धुवा."

जागा सहकाऱ्याला मिळाली. त्याला कशाचाच वास येत नव्हता, म्हणून त्याने नुसता रंग बघून पाचपैकी चार कप बरोबर ओळखले होते.

संध्याकाळी चहापरीक्षक रडकुंडीला येऊन हे सगळं सांगत होता. "अठरा वर्षं गं! अठरा वर्षं!"

बायकोने शांतपणे खिडक्या लावून घेतल्या. सासूबाईंचं ताट आत आणलं. मग म्हणाली, "होतं असं. उद्या जरा त्या शिंकणाऱ्या भावोजींना विचारून या, सर्दी कुठून आणली म्हणून."